सासरेबुवांची खळ, जावईबापूंचे वॉफल

उद्याचा नाश्ता माझ्याकडे, असं जावईबापूंनी सासरच्या जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या आवाजात शंकेला जागा नव्हती. व्यवसाय फिजिओथेरपीचा. लंगडत आलेली माणसं त्यांच्याकडून ताठ चालत घरी जातात, तिथे पिठाची काय बिशाद! बेत होता वॉफलचा, म्हणजे साच्याच्या यंत्रात भाजलेल्या चौकटीदार जाड पोळ्यांचा, आणि तेही साधेसुधे वॉफल नव्हेतच. मैद्याचा कण नाही, साखर नावापुरती. अख्खा गहू, ओट, जव आणि जवस, यीस्ट घालून रात्रभर फुगवलेले. पोटाला हलके आणि सांध्यांना उत्तम, असं त्यांनी सांगितलं. वॉफलचा सांध्यांशी काय संबंध, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

खरं तर त्यांना सासूबाईंना किंवा बायकोला खूश करायचं नव्हतंच. त्या दोघी आधीपासून खूश होत्या. प्रश्न सासरेबुवांचा होता. सासरेबुवा पुस्तकबांधणी करत. घराच्या मागच्या खोलीत दाबयंत्र, कातरयंत्र, दोऱ्याची रिळं आणि ते. लग्नाला वर्ष होत आलं, तरी त्यांनी जावईबापूंशी थेट एक वाक्य बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. जावईबापू हाताच्या अंतरावर बसलेले असले तरी ते मुलीला म्हणत, "यांना विचार, चहा घेणार का." जावईबापूही बायकोकडे बघून हो म्हणत. एकदा ती दोघांना सोडून बाजारात गेली, तर परत येईपर्यंत दोघं एकाच पंख्याकडे बघत बसले होते.

आपण यांच्या मनात भरलो नाही, अशी जावईबापूंची खात्री झाली होती. आपल्या तोंडाकडे बघून बोललेलं एक वाक्य पदरात पडावं, एवढ्यासाठी हा चार धान्यांचा घाट.

पीठ संध्याकाळी भिजवलं. पाककृती सांगणाऱ्या बाईंनी मोबाइलवर बजावलं होतं, की सकाळी तुमचं पीठ तुम्हाला ओळखू येणार नाही. जावईबापूंनी दालचिनी जरा सढळ हाताने घातली, पातेल्यावर ओलं फडकं टाकलं आणि ते सासूबाईंच्या स्वाधीन केलं.

स्वयंपाकघर आणि बांधणीची खोली यांच्यामधल्या बोळात एक लांब फळी होती. तिच्या खिडकीकडच्या टोकाला सासरेबुवांची खळ निवत ठेवलेली असे. खळ म्हणजे पुस्तकं चिकटवायला पिठाचा शिजवलेला चिकटा, किडीचा उपद्रव नको म्हणून आत थोडी तुरटी. तीही तसल्याच पातेल्यात, तसल्याच ओल्या फडक्याखाली. आता जावयाचं पातेलं भिंतीकडच्या कोंदट टोकाला कसं ठेवायचं? ते काही सासूबाईंच्या जिवाला बरं वाटेना. त्यांनी खळ आत सरकवली आणि जावयाच्या पिठाला खिडकी दिली.

सकाळी सासरेबुवांचा हात सवयीप्रमाणे खिडकीकडच्या टोकाला गेला.

त्यांना त्या दिवशी घाई होती. गाण्याच्या बाई दुपारच्या आत शाळेच्या समूहगानाची पुस्तकं न्यायला येणार होत्या आणि मुलं ती संध्याकाळी हातात धरून गाणार होती. सासरेबुवांनी फडकं काढलं, ब्रश बुडवला आणि थबकले. खळीत दाणे होते. खळीला दालचिनीचा वास येत होता. खळ अधूनमधून बुडबुडे सोडत होती.

"आज यात दाणे कसले आहेत?" त्यांनी खोलीतूनच विचारलं.

सासूबाई ताटल्या मांडत होत्या. यांनी वॉफलचं पीठ उघडून बघितलं, असं त्या समजल्या. "पौष्टिक आहे ते," त्या ओरडल्या. "जावईबापूंनी मुद्दाम तुमच्यासाठी केलंय. नावं ठेवू नका."

सासरेबुवा ब्रश धरून उभेच राहिले. पाण्याचा थेंब जास्त झाला म्हणून त्यांनी आजवर कित्येक पातेली मोरीत ओतली होती. पण कधी बांधणीच्या खोलीत पाऊल न टाकलेल्या जावयाने आपण होऊन सासऱ्यासाठी खळ करावी आणि ती सासऱ्याने ओतून द्यावी? माणूस बोलत नसला म्हणून काय झालं, त्याला मन असतंच. त्यांनी मन घट्ट केलं आणि पहिल्या पुस्तकाच्या पाठीवर ब्रश फिरवला.

इकडे जावईबापूंनी उरलेलं पातेलं उघडलं. आत चकचकीत, पांढुरकं, थरथरणारं काहीतरी होतं. ते त्यांना अजिबात ओळखू आलं नाही. त्यामुळे त्यांना फार आनंद झाला.

"बघ, यीस्टने काय काम केलंय," त्यांनी बायकोला दाखवलं.

"दालचिनीचा वास कुठे गेला पण?"

"मुरला."

त्यांनी वॉफलच्या तापलेल्या यंत्रात भरपूर पळ्या ओतून झाकण दाबलं. यंत्राने एक लांब उसासा टाकला. मग हिरवा दिवा लागला, पण झाकण उघडेना. जावईबापू आधी हसले. मग दोन्ही हातांनी ओढू लागले, तसं टेबल त्यांच्यामागून चालायला लागलं.

इथे त्यांच्यातला फिजिओ जागा झाला. हा आखडलेला खांदा आहे, ताकदीचं काम नाही, असं त्यांनी दोघींना समजावलं. यंत्राला कोमट फडक्याने शेकलं. मग सासूबाईंनी बूड धरायचं, बायकोने बिजागरीला आधार द्यायचा आणि आपण झाकणाला हळूहळू ताण द्यायचा, असं ठरलं. "श्वास सोडा," ते सवयीने म्हणाले. सासूबाईंनी सोडला. यंत्राने मात्र धरून ठेवला. शेवटी जावईबापूंनी उपचारपद्धती बाजूला ठेवून गुडघा लावला. कडाड्कन आवाज झाला, बिजागरी तुटली आणि झाकण त्यांच्या हातात आलं.

आत वॉफल होता म्हणायचा. चौकटी होत्या, पण त्याच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. वाकवला की तो पुन्हा सरळ होई. सासूबाईंनी जावयाचा मान राखून मोठा तुकडा तोंडात टाकला. तुरटीने त्यांचे दोन्ही गाल आत गेले. डोळे भरून आले.

"छान," त्या बारीक तोंडाने म्हणाल्या. "दाताला अगदी धरून राहतो."

बायकोने तो तुकडा ताटलीवर आपटून पाहिला आणि बाबांना हा द्यायचा का, असं विचारलं. जावईबापूंचा चेहरा उतरला. एका वाक्याची आशा त्यांनी सोडली. आता सासरेबुवांना आपल्याबद्दल मुलीशी बोलायला मात्र वर्षभराचा विषय मिळाला, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात सासरेबुवा दारात उभे राहिले. त्यांच्या हातात समूहगानाचं पुस्तक होतं. ते उशीसारखं फुगलं होतं. पाठीतून तपकिरी फेस डोकावत होता आणि एक ओटचा दाणा राष्ट्रगीताच्या पानावर येऊन बसला होता. सासरेबुवांचा चेहरा मात्र अत्यंत सभ्य होता.

"यांना विचार," ते मुलीला म्हणाले, "खळ चांगलीच आहे, तक्रार नाही. पण अजून किती फुगणार आहे?"

"खळ?" जावईबापू म्हणाले.

चौघांनी मिळून टेबलावरच्या पातेल्याकडे बघितलं. मग पुस्तकाकडे. मग सासूबाईंच्या आत गेलेल्या गालांकडे.

पहिल्यांदा सासरेबुवा हसले. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मग त्यांना दाराची चौकट धरावी लागली. हा माणूस एवढा हसू शकतो, हे सासूबाईसुद्धा विसरल्या होत्या. मग सगळेच हसले. सासूबाई तर हसता हसता उरलेली खळ थुंकून आल्या.

पण पुस्तकं हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. फेस खरवडायचा, पाठी पुसायच्या, पातेल्यात उरलेल्या खळीने पुन्हा चिकटवायचं आणि बाई यायच्या आत दाबात घालायचं. जावईबापूंना हाताला धरून मागच्या खोलीत नेण्यात आलं. सासरेबुवा सूचना देत होते, मुलगी त्या दोन पावलांवर पोहोचवत होती. यांना सांग, अंगठ्याने दाबायला. यांना सांग, कडेला. मग दारावरची घंटा वाजली आणि मुलगी बाईंना बोलण्यात गुंतवायला धावली.

सासरेबुवांनी इकडेतिकडे पाहिलं. निरोप न्यायला कुणीच नव्हतं.

"अहो, जोरात दाबा," ते म्हणाले. "पेशंट नाही तो."

जावईबापूंनी असं दाबलं, की वर्षानुवर्षं आखडलेल्या माना त्या जोराने मोकळ्या झाल्या असत्या. पाठी सरळ बसल्या. बाईंनी पुस्तकं नेली. संध्याकाळपर्यंत उघडायची नाहीत, ही सूचना त्यांना पटली, पण यंदाच्या पुस्तकांना वास फार छान येतोय, असं त्या जाता जाता दोनदा म्हणाल्या.

जावईबापूंनी मात्र सासरेबुवांचं ते ‘जोरात दाबा’ खात्यात धरलं नव्हतं. कामाच्या भरात सासरेबुवा दाबयंत्राशीही बोलत. खरी परीक्षा टेबलावर होती. सासरेबुवांनी खळ म्हणून नेलेल्या पातेल्यात अजून थोडं पीठ होतं. यंत्र निकामी झालेलं, म्हणून जावईबापूंनी ते सपाट तव्यावर ओतलं. वॉफल गोल झाले, चौकटी नव्हत्या, पण तपकिरी रंग चढला आणि घरभर दालचिनी दरवळली.

सासरेबुवांनी एक घास घेतला. चावला. पुन्हा चावला. अख्खा गहू एका बाजूने, जव दुसऱ्या बाजूने, असं बराच वेळ चाललं. जावईबापू त्यांच्या जबड्याकडे बघत होते. सासरेबुवांनी पाण्याचा घोट घेतला, मुलीकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि मान सावकाश जावयाकडे वळवली.

"खरं सांगू का तुम्हाला?"

"सांगा ना," जावईबापू खुर्चीच्या कडेला आले.

"हे पुस्तकातच बरं होतं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. जावयाशी असं बोलतात का कुणी, असं त्या पुटपुटल्या. पण जावईबापूंचा चेहरा असा खुलला, की बायकोला वाटलं, यांनी काहीतरी वेगळंच ऐकलं. पाहुण्याला कुणी असं तोंडावर सांगत नाही. असं घरच्या माणसालाच सांगतात.

"अजून एक वाढू?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"नको," सासरेबुवा म्हणाले. तेही थेट.