चपला मोजणारे मुंजाजीभाऊ

आमचे मुंजाजीभाऊ मयताच्या घरी गेले की आधी दारातल्या चपला मोजतात. मग आत जाऊन रडतात. रडण्यात खोट नसते, पण दुसऱ्याच दिवशी त्या गावच्या दुकानात चहापत्तीचे पुडे जास्त पोचलेले असतात, आणि तेराव्यापर्यंत त्यातला एकही उरत नाही.

परभणीत आमची चहा-बिस्किटांची एजन्सी आहे. कुठल्या गावाला किती माल लागेल हे भाऊ वर्षानुवर्षं ठरवत आले. त्यांची साधनं म्हणजे चपला, लग्नपत्रिका आणि मानवतच्या स्टँडवर एसटीतून उतरणाऱ्या बायकांच्या पिशव्या. कसं जमतं विचारलं की उत्तर एकच, "हिसाब न्हाई सायेब, अंदाज हाय."

या अडाणी कारभाराला शिस्त लावायला मालकांनी संगणक आणला आणि तो चालवायला मला. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असल्यामुळे मला सगळंच येत होतं. पहिल्याच आठवड्यात संगणकाने जिंतूरकडचा जवळचा रस्ता शोधला. तो येलदरी धरणाच्या पाण्यातून जात होता. भाऊंनी नकाशा नीट न्याहाळला. म्हणाले, "रस्ता लय चांगला हाय. टेम्पोला पव्हायला तेवढं शिकवा."

हे मी मनात ठेवलं, चांगलं घट्ट. दिवाळीनंतर संधी आली. राणीसावरगावच्या पुढची एक वाडी जवळजवळ सगळी ऊसतोडीला गेली. संगणकाने तिला यादीतून काढलं, तर भाऊंनी तिथे बिस्किटांची तीन खोकी वाढवली. मी अर्थातच मालकांच्या कानावर घातलं.

"खोकी परत आली तर भाऊ, गाडीवर जायचं बंद. गोदामात बसा," मालक म्हणाले. गावोगाव फिरल्याशिवाय हा माणूस जगेल कसा, हा प्रश्न मला पडला नाही. पुढच्या आठवड्यात उरलेली खोकी मोजायला मी जातीने टेम्पोत बसलो.

वाडीत बहुतेक दारांना कुलपं होती. मला आनंद झाला. दुकानात मात्र एक पुडा शिल्लक नव्हता.

"कर्ती मान्सं गेली. आता सांजंला चूल कोन पेटवायलंय?" दुकानवाली बाई म्हणाली. "म्हाताऱ्या अन् लेकरं चहात बिस्किट बुडवून खायलेत."

परतताना मी भाऊंना विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? या वेळी ते अंदाज म्हणाले नाहीत.

"माझे मायबाप बी तोडीला जायचे. जाताना माय बिस्किटाचा एक पुडा ठिवून जायची. मी बाजाराच्या दिशी एकच खायचो. शेवटचं मातर तसंच ठिवायचो."

"का?"

"खाल्लं, अन् माय आलीच न्हाई तं?"

मला माझी लाज वाटली. परभणीत पोचल्यावर मी ती वाडी पुन्हा यादीत घातली.

पुढच्या खेपेला भाऊ माल उतरवत होते, तेवढ्यात मीच दुकानाच्या पायरीजवळच्या चपला मोजल्या. बहुतेक लहान मापाच्या होत्या.