पुण्याच्या पक्षाचे आबा

आबा परचुरे कधी ‘येतो’ म्हणून उठत नसत. ‘तहकूब’ म्हणून उठत. गप्पा रंगात आलेल्या असोत, नाहीतर पंगतीत ताक वाढायचं राहिलेलं असो, आबांनी गुडघ्यावर हात टेकून ‘तहकूब’ म्हटलं की संपलं. ‘संपलं’ म्हटलेलं मात्र त्यांना चालत नसे. “संपलं ते बरखास्त. तहकूब म्हणजे पुढची तारीख आहे,” असं ते मला बजावत. ठाण्याच्या कोर्टात बेलिफ म्हणून त्यांची नोकरी झाली होती, शब्द तिथलेच.

कल्याणला आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून होती. आबा विधुर, एकटे. सकाळी माझं वर्तमानपत्र माझ्याआधी ते उघडत आणि विधानसभेचं अधिवेशन कुठं भरणार, कधी उठणार, एवढंच वाचून परत देत. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. पावसाळी अधिवेशन तेव्हा पुण्याला भरे आणि दरसाल त्यावरून पुढाऱ्यांत जुंपे. कुणी म्हणे दिवस वाढवा, कुणी म्हणे कमी करा, कुणी म्हणे पुणं कशाला, मुंबईतच बसा, खर्च वाचेल.

मी हिशेबखात्यातला माणूस. मला खर्चाचा मुद्दा पटे.

“हिशेबनीस, सगळंच बेरजेत बसवू नका,” आबा म्हणत.

“पण आबा, परवा तुम्ही विरोधकांच्या बाजूचे होतात. आज सरकारचं कौतुक?”

“आज सरकार पुणं म्हणतंय. मी पुण्याच्या पक्षाचा.”

आमची ही आतून म्हणे, “आबा, तुम्हीच उभे राहा निवडणुकीला. निदान आमचा पेपर सुटेल.”

“उभं राहून काय करू, वहिनी? मला त्यांच्या बसण्याशी मतलब.”

हा मतलब कोणता, ते मला एका जुलैत कळलं. ठाण्याच्या कचेरीतून परतत होतो. कल्याण स्टेशनात पुण्याच्या गाडीच्या फलाटावर आबा उभे. धुवट कोट, हातात पितळी डबा. गाडी थांबताच ते एका खिडकीशी गेले. आत त्यांचा मुलगा श्रीधर होता.

श्रीधर विधानसभेत लघुलेखक. अधिवेशन पुण्याला निघालं की कचेरीच्या माणसांबरोबर तोही मुंबईहून निघे. त्यानं परजातीची मुलगी केली तेव्हा बापलेकांचं तुटलं होतं. आबांनी त्याच्या घराची पायरी न चढण्याची शपथ घेतली, त्यानं यांच्या. फलाट कुणाच्याच शपथेत नव्हता.

“कधी उठणार?” आबांनी विचारलं.

“तारीख दिलीय. पण भांडताहेत अजून.”

“भांडू देत. डिंकाचे लाडू आहेत. सगळे एकट्यानं संपवू नकोस. डबा येताना दे.”

श्रीधरनं मान हलवली. गाडी सुटली. आबांनी मला पाहिलं होतं. घरी पोचेपर्यंत ते पावसावर बोलत राहिले.

त्या वर्षी दिवसांवरून दोन्ही बाजूंत इतकं वाजलं, की अधिवेशन ठरल्या तारखेआधीच आटोपलं. आम्ही ती बातमी वाचली तेव्हा कचेरीची माणसं मुंबईला पोचलीही होती. तरी ठरल्या तारखेला आबा कोट घालून फलाटावर गेले आणि पुण्याहून आलेली गाडी सुटल्यावर रिकाम्या हातानं परत आले. ही त्यांना आमटी देऊन आली.

पुढच्या वर्षी पुन्हा भांडणं झाली आणि अखेर निर्णय छापून आला: पावसाळी अधिवेशन मुंबईतच. खर्चात बचत. आबांनी बातमी दोनदा वाचली, वर्तमानपत्राची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

“तुमचा मुद्दा मान्य झाला, हिशेबनीस.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

“आबा,” मी म्हटलं, “मुंबई काय लांब आहे? रविवारी मी जातो श्रीधरकडे. निदान तुमचा डबा तरी घेऊन येतो.”

“नको,” ते घाईनं म्हणाले.

मग सवयीनं त्यांनी गुडघ्यावर हात टेकले, पण उठले नाहीत.

“डबा तिकडे आहे, तोवर तहकूब आहे. तुम्ही आणलात, की बरखास्त.”