मास्तरनं खाल्लेली दोन वर्षं

देवाजीभाऊ रामटेके कशालाच भीत नाहीत, असं आमच्या माजरीत कोणीही सांगेल. कोळशाच्या खाणीत छत खाली आलं तेव्हा दोन जोडीदारांना ओढून बाहेर आणणारे हेच. पण मी अंगणात गोधडी शिवायला बसले, की हा माणूस आमच्या फाटकासमोरून तोंड फिरवून जातो. हातात सुई दिसली की त्यांचं पाणी पाणी होतं.

आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला सगळं ठाऊक. खाणीच्या दवाखान्यात तपासणी असायची. नर्स सुई घेऊन जवळ आली, की हे आडवे. मग रक्त काढायचं काम त्यांच्या गैरहजेरीतच उरकायचं. शुद्धीवर आले की विचारायचे, "झालं?" झालं, चहा घ्या अन् घरी जा. कोरोनाची लस टोचणारी गाडी वस्तीत आली, तेव्हा तर सकाळीच सायकल काढून पसार झाले. गाडी गेल्यावर परत आले आणि म्हणतात, "भद्रावतीले जरासं काम होतं."

त्यांचं दुसरं दुखणं म्हणजे मास्तर. लहानपणी बाप शाळेत नाव घालायला घेऊन गेला. मास्तरांनी पोराची उंची पाहिली आणि जन्मतारीख ठोकून दिली, एक जुलै. एक जुलैचं काही नाही, आमच्याकडे अर्धा जिल्हा एक जुलैलाच जन्मलाय. पण या मास्तरांनी सालही दोन वर्षं आधीचं टाकलं. खाणीत लवकर चिकटले तेव्हा तो मास्तर देवमाणूस होता. कागदावर साठ भरले आणि खाणीनं घरी बसवलं, तेव्हापासून तो चोर झाला. "माह्यी दोन वर्षं मास्तरनं खाल्ली, बाई. तुमच्याच खात्याचा माणूस." मीही जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणून त्याच्या वाट्याची बोलणी मी खायची.

त्यांची बायको शेवंताबाई होती तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. बाई मोठी गमतीची. भांडायला उभी राहिली की म्हणायची, "माह्या अंगात धानोऱ्याचं रक्त हाय, जंगलातलं. लवकर तापते." बाळंतपणात फार रक्त गेलं होतं तिचं, तेव्हा धानोऱ्याच्या कोणा माणसाचं चढवलं होतं म्हणे. अख्ख्या वस्तीला ते वाक्य पाठ. तिनं असं म्हटलं की देवाजीभाऊ चप्पल शोधायला लागायचे, हेही आम्हाला पाठ. वाटायचं, भांडण टाळतोय बिचारा. दोन हिवाळ्यांमागे साध्या तापाचं निमित्त झालं आणि शेवंताबाई गेली. तेव्हापासून त्या घरातून भांडणाचा आवाज येत नाही, आणि खरं सांगते, मला करमत नाही.

तर गेल्या थंडीत देवाजीभाऊ कुंपणापाशी येऊन उभे राहिले. "बाई, मी सायकलनं धानोऱ्याले जाऊन राह्यलो."

"काऊन?"

"तिथी सिकलसेलच्या पोरायसाठी रक्ताचं शिबिर हाय. वाटेतल्या गावागावात थांबून सांगीन, या म्हणून. अन् शेवटी देईन."

"काय देणार?"

"रक्त."

"कोणाचं?"

"माह्यं," म्हणाले आणि घाम पुसला.

मी हातातलं सूप खाली ठेवलं. हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

वस्तीतल्या पोरांना चेव आला. बॅनर छापू, मोटारसायकलवर मागे येऊ, मोबाइलवर 'सोलो राइड' म्हणून टाकू. देवाजीभाऊंनी सगळ्यांना हाकलून लावलं. "एकटा म्हंजे एकटा. कोणी मागं आलं तं मी वापस येईन." आम्हाला वाटलं, म्हातारपणचा ताठा. निघाले जय भीम करून. कॅरिअरला एक पिशवी, हँडलला एक पाटी आणि चेनची करकर.

रोज संध्याकाळी फोन यायचा. चंद्रपुरात जो तो विचारायचा, "कोणत्या पार्टीचे?" मूल गावाच्या अलीकडे जंगलात वनरक्षकानं अडवलं. म्हणाला, पुढे वाघ बसला आहे, सायकल जीपमध्ये टाका. यांनी विचारलं, "वाघाच्या हातात सुई हाय का?" मग अर्धा तास याच माणसानं त्याला रक्तदान समजावलं आणि वाघ आपला उठून गेला. सावली गावापासून तर गावोगावी चहा पाजून पाजून लोकांनी बेजार केलं. एका गावच्या बाया म्हणाल्या, आम्ही जीप करून येतो. "लोक देतो म्हणून राह्यले, बाई," फोनवर आवाज एकदम बारीक झाला. "किती सहज म्हणून राह्यले."

माझी बहीण धानोऱ्याला असते. मी बस पकडून तिथे पोचले, म्हटलं भाऊ चक्कर येऊन पडले तर ओळखीचं माणूस हवं.

शिबिर गावच्या शाळेत होतं. मूल, सावलीकडची माणसं खरंच आली होती, धानोऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवरचीही. देवाजीभाऊ धुळीनं माखलेले आले, कोणाशी बोलले नाहीत. बाही वर गुंडाळली आणि टेबलापुढे उभे राहिले. टेबलाची कड घट्ट धरली होती, पण उभे होते.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं आधार कार्ड पाहिलं. "आजोबा, पासष्टपर्यंतच घेता येतं. तुम्हाला सहासष्ट झाले."

"ते कागदावर. माह्यी दोन वर्षं मास्तरनं खाल्ली." मग माझ्याकडे वळले. "बाई, सांगा नं तुमी याईले. तुमच्याच खात्याचं काम हाय."

मी सांगितलं. पोरगी ऐकून घेत होती, तिच्याही वडिलांची तारीख एक जुलैचीच निघाली. पण म्हणाली, "मला कागद सोडून नाही जमत. तुमच्यामुळे इतकी माणसं आली, ते काय कमी आहे?"

"मले नाई पायजे थे," देवाजीभाऊ म्हणाले, आणि बाकावर बसले.

मी शेजारी बसले. ते गुंडाळलेली बाही चाचपत होते. मग माझ्याकडे न पाहता बोलले. "शेवंताच्या बाळंतपणात डॉक्टरनं मलेच बोलावलं होतं, बाई. माह्यं जुळत होतं. सुई पाह्यली अन् मी पळालो. थेट बस स्टँडवर. वापस आलो तं तिले रक्त चढून राह्यलं होतं. धानोऱ्याचा कोणी गोंड माणूस, आपल्या पेशंटसंगं आलता. त्यानं देल्लं अन् नाव न सांगता गेला. शेवंताले सगळं मालूम होतं. कोणाजवळ बोलली नाई कधी. फक्त धानोऱ्याचं रक्त म्हणे."

म्हटलं, "पण भाऊ, एकटे कशाला आलात? पोरं येत होती नं."

"पळालो तवा एकटाच होतो नं."

मग ते उठले, पुन्हा टेबलापाशी गेले. "डॉक्टरीणबाई, रक्त नका घेऊ. नुसती सुई टोचा तं खरी."

तिला काय समजलं कोण जाणे. तिनं त्यांचं बोट हातात घेतलं, कापसानं पुसलं. मी मागे जाऊन उभी राहिले, पडले तर धरायला. देवाजीभाऊंनी डोळे मिटले नाहीत. बोटावर रक्ताचा एक थेंब आला.

"झालं?"

"झालं, आजोबा."

ते त्या थेंबाकडे पाहत राहिले. मग वळले आणि बोट माझ्यापुढे धरलं, आमच्या वर्गातलं पोर खरचटलेलं दाखवतं तसं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं भान नव्हतं.

"एवढंच होतं काय, बाई?" म्हणाले. "मुंगी याहून जास्त चावते. एवढंच होतं काय?"

मी त्यांची बाही सरळ केली. बटण लावता लावता म्हटलं, "चहा घ्या अन् घरी चला."