अलर्ट माणसाच्या घरची आरती

विष्णुपंत देवस्थळ्यांना आयुष्यातलं पहिलं चांगलं विशेषण मिळालं ते चाळिशी उलटल्यावर, आणि तेही इंग्रजी. (मराठीतली त्याआधी बरीच मिळाली होती, पण ती घरातली होती आणि बहुतेक झोपेशी संबंधित होती.)

पासष्ट साल. लढाई पेटलेली. जबलपूरच्या कारखान्यांत दिवसरात्र पाळ्या चालल्या होत्या. विष्णुपंत तिथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क. एका दुपारी, जेवणानंतर सारा सेक्शन पेंगत असताना मोठे साहेब राउंडला आले. नेमक्या त्याच क्षणी विष्णुपंतांना लाल मुंगी चावली आणि ते ताडकन उभे राहिले. साहेब मान डोलावून म्हणाले, "व्हेरी अलर्ट मॅन."

मुंगीचा उल्लेख विष्णुपंतांनी पुढे कुणाजवळही केला नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी बातमी सांगितली. "नंदा, साहेब आज मला अलर्ट म्हणाले."

"म्हणजे काय जी?" नंदाबाई तांदूळ निवडत होत्या.

"म्हणजे सावध. डोळे उघडे, कान उघडे, आणि काही झालं की झटक्यात हालचाल."

"तुम्हाला म्हणाले? परवा दूध उतू गेलं तेव्हा तुम्ही स्टोव्हसमोरच तर बसून होते."

"मी पाहून राहिलो होतो."

"हो, पाहूनच राहिले होते. साहेब दुसऱ्या कोणाला म्हणाले असतील, तुम्ही मधात असाल."

हे विष्णुपंतांच्या जिव्हारी लागलं. नोकरीत बढती नको, पगारवाढ नको, पण साहेबांच्या तोंडचा तो शब्द एकदा नंदाच्या कानांवर पडलाच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

तोवर विशेषण वापरून वापरून गुळगुळीत करायला त्यांनी कमी केलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं की "आज तू अलर्ट नव्हतीस". मांजर ताटाशी येऊन पळालं की "मांजर अलर्ट आहे". शिवाय गल्लीतल्या ब्लॅकआउटसाठी वॉर्डन हवा होता, तेव्हा ते आपणहून पुढे झाले. दंडावर पट्टी आणि गळ्यात शिट्टी आली. संध्याकाळ झाली की ते "दिवे विझवा" असं ओरडत गल्लीतून हिंडायचे. पण घरात गणपती बसलेले. विष्णुपंतांच्या आईला, राधाबाईंना, 'विझवा' हा शब्द खपेना.

"सणासुदीला विझवा काय म्हणतो रे? दिवा विझवत नाहीत. शांत करा म्हण."

मग विष्णुपंत "दिवे शांत करा" असं ओरडू लागले. शेजारचे भाऊराव, रेल्वेतले, अंथरुणातूनच उत्तर द्यायचे, "शांतच आहे बाबा, तुम्हीच तेवढे ओरडून राहिले."

भाऊरावांसारखी माणसं जागी करायची म्हणून विष्णुपंतांनी गल्लीची कवायत घेतली. दारोदारी पाण्याची बादली भरून ठेवायला लावली आणि नियम पाठ करून घेतला : धूर दिसला की विचारत बसायचं नाही, आधी पाणी, मग प्रश्न. भाऊरावांना तर त्यांनी तो नियम परत परत म्हणायला लावला, कारण त्यांच्यावर विष्णुपंतांचा मुळीच भरवसा नव्हता.

आणि मग संधी चालून आली. कारखान्यात गणपतीचा विषय निघाला, विष्णुपंतांनी साहेबांना दर्शनाला बोलावलं, आणि साहेब चक्क येतो म्हणाले. फक्त पाळी संपल्यावर. म्हणजे अंधारात.

"साहेबांसाठी आरती थांबवीन," राधाबाई म्हणाल्या, "पण निरांजनाशिवाय होऊ देणार नाही. समईही शांत व्हायची नाही. सांगून ठेवते."

वॉर्डनच्याच घरातून उजेड बाहेर गेला तर शोभा. आणि आरती नाही तर साहेब येऊन करणार काय? विष्णुपंत दिवसभर विचार करत राहिले आणि शेवटी त्यांना मार्ग सुचला. घरातली झाडून सगळी घोंगडी आणि गोधड्या त्यांनी दोऱ्यांवर टाकल्या आणि गणपतीभोवती चारी बाजूंनी आणि वरूनही तंबू उभारला. आत दिवा लावून ते स्वतः बाहेर रस्त्यावर जाऊन पाहून आले. उजेडाची रेघही दिसत नव्हती.

"हवा कुठून येईल जी?" नंदाबाईंनी विचारलं.

"आरती कितीशी लांब असते," विष्णुपंत म्हणाले.

साहेब आले. सिव्हिल लाइन्समधून, ब्लॅकआउटपायी हेडलाइटचं अर्धं कपाळ काळं केलेल्या जीपनं आले. बूट काढून, डोक्यावर रुमाल टाकून बिचारे तंबूत शिरले. आत समई, निरांजन, धूप, कापूर, टाळ वाजवणाऱ्या राधाबाई, प्रसादाची परात घेतलेल्या नंदाबाई आणि हातात तबक घेतलेले विष्णुपंत. आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला साहेब खोकू लागले, तिसऱ्याला सगळेच. धुराला घोंगड्यांच्या फटींतून वाट मिळाली, तिथून तो कौलांमधून वर निघाला आणि चांदण्यात गल्लीभर दिसू लागला.

आजवर कधीही वेळेवर न उठलेले भाऊराव त्या रात्री नेमके जागे होते. त्यांनी धूर पाहिला. खोकणं ऐकलं. विचारत बसले नाहीत.

दार ढकलून ते आत आले आणि भरलेली बादली त्यांनी तंबूवर पालथी केली. "आधी पाणी," ते मोठ्यानं म्हणाले, नियमाप्रमाणे.

दोऱ्या तुटल्या. घोंगडी खाली आली. मूर्ती मातीची, विसर्जनाआधीच विसर्जन व्हायचं. पण नंदाबाईंनी लाडू पदरात ओतून परात गणपतीवर छत्रीसारखी धरली. राधाबाईंनी टाळ टाकून समईवर पाट आडवा केला. साहेब फौजेत राहून आलेले, ते केव्हाच कोपऱ्यात सरकले होते. विष्णुपंत मात्र भक्तीनं डोळे मिटून शेवटची ओळ म्हणत जागच्या जागी उभे होते, त्यामुळे उरलेलं सगळं पाणी त्यांना मिळालं.

साहेबांनी निळा कागद लावलेला टॉर्च काढला. आधी परातीवर धरला. गणपती कोरडे होते. "व्हेरी अलर्ट लेडी," ते म्हणाले. मग राधाबाईंकडे वळून, "मदर आल्सो, व्हेरी अलर्ट." मग दारातल्या भाऊरावांकडे पाहिलं. "अँड यू, सर. मोस्ट अलर्ट."

विष्णुपंतांनी तबक सावरलं, छाती पुढे काढली आणि नंदा ऐकते आहे ना ते पाहून घेतलं. टॉर्च त्यांच्यावर आला आणि डोक्यापासून पायांपर्यंत सावकाश फिरला.

"देवस्थळे," साहेब म्हणाले, "यू आर वेट."

साहेब प्रसाद घेऊन गेले. नंदाबाई पंचा घेऊन आल्या. त्यांचा चेहरा खुलला होता.

"मला अलर्ट म्हणाले ना जी ते? आईंना पण?"

"हो."

"अन् तुम्हाला काय म्हणाले?"

विष्णुपंतांनी पंचा डोक्यावर ओढला. "ओला आहे म्हणाले."

"त्या दिवशी मी साहेबांवर शंका घेतली, मीच चुकले," नंदाबाई म्हणाल्या. "साहेबांना माणसाची पारख आहे हो."