सुतारपक्ष्याचे पहिले भांडवल

मुलांनो, ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची खात्री नाही. अस्वलाची डावी बाजू की उजवी, इथे मी नेहमी अडखळतो. डावीच धरू. चुकलो असेन तर मोठेपणी दुरुस्त करून घ्या.

तर एका जंगलात एक सुतारपक्षी होता. खोडावर चोच मारली की आत कीड आहे का, हे त्याला आवाजावरून कळे. एकदा त्याने खोकणाऱ्या सशाच्या छातीवर हलकेच टकटक केली. आजार कळला!

गेल्या थंडीत निम्मे ससे खोकून मेले होते. पुढच्या थंडीआधी वीस पक्ष्यांना ही विद्या शिकवायची, असे त्याने ठरवले. पण शिकतील तोवर ते खाणार काय? म्हणजे भांडवल आले.

जंगलातला सारा मध एका अस्वलाकडे होता. अस्वलाचा सल्लागार होता कोल्हा.

"आलेख काढलास का?" कोल्ह्याने विचारले.

"कसला?"

"वर जाणारा."

"पण कशाचा?"

"ते नंतर ठरतं रे!"

सुतारपक्ष्याने पळसाच्या पानावर वर जाणारी रेघ ओढली. ती पाहून अस्वलाने मान डोलावली.

"सशांचं ठीक आहे. माझ्या छातीवर वाजवून दाखव."

उजवीकडे टक. खणखणीत. डावीकडे टक. बद्द. पुन्हा टक. पुन्हा बद्द. आत पाणी साचले होते.

"काय रे, कसं वाजतंय?"

कोल्ह्याने डोळे वटारले. बाहेर कुठेतरी एक ससा खोकला.

"खणखणीत, दादासाहेब! दोन्हीकडे!"

चार बुधले मध मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारपक्षी तोंड पाडून परत आला. "दादासाहेब, काल मी खोटं बोललो. डावीकडे पाणी आहे. कासववैद्यांकडे चला, अजून वेळ गेलेली नाही."

"कालचंच राहू दे."

"अहो, जीव जाईल!"

"त्या निदानावर मी चार बुधले लावलेत. आज ते बदललं तर पलीकडच्या जंगलातले तरस काय म्हणतील? पुढचा मध तेच देणार आहेत. त्यांच्याही छातीवर असंच वाजव."

त्या थंडीत तीनच ससे मेले. आणि एक अस्वल.

तात्पर्य: निदान सर्वांना खरे सांगावे, भांडवल देणाऱ्याला मात्र भांडवल हाती आल्यावर.

हे तात्पर्य मी बरीच वर्षे सांगत आलो, आणि दर वेळी सुतारपक्ष्याची मला थोडी लाज वाटे. पुढे कासववैद्यांची जुनी वही पाहायला मिळाली. बाजू डावीच होती. 'अस्वलास आजार समजावून सांगितला,' असे वैद्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते. तारीख सुतारपक्ष्याच्या भेटीच्या महिनाभर आधीची होती.