मास्तरांचा कंबरपट्टा

"खाज गेली म्हणजे नायटा गेला! पुन्हा आपलं नाव काढायचा नाही तो!" बँडमास्तरांनी जाहीर केलं आणि कमरेला लावायचं मलम कपाटावर भिरकावलं.

"अहो, पण डॉक्टरबाई काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

(म्हणाल्या होत्या: खाज थांबो, डाग जावो, मी सांगेन तोवर मलम सोडायचं नाही. ही बुरशी दबा धरून बसते.)

"डॉक्टरबाईंना बँड वाजवायचाय का? उद्या स्पर्धा आहे माझी!"

स्पर्धा! कारखान्याचा हा बँड दरवर्षी शेवटचा. यंदाही शेवटचा आला तर बँड बंद, अशी साहेबांची तंबी होती.

मंच. जाड कोट, त्यावर करकचून चामडी पट्टा, आत घामाच्या धारा. वादन सुरू झालं. नेहमीसारखंच, म्हणजे गोगलगायही जांभई देईल असं.

एक, दोन, ती...

पट्ट्याखाली बुरशी जागी झाली!

मास्तरांचा डावा हात कमरेकडे झेपावला. आता, या बँडचा नियम एकच: कागदाकडे नाही, मास्तरांच्या हातांकडे बघायचं. मास्तरांनी खाजवलं, ट्रम्पेट किंचाळले! जोरात खाजवलं, ड्रम दणाणला! मास्तर पट्ट्यात बोटं खुपसून वळवळले, अख्खा ताफा चौखूर उधळला! शेवटी ते कळवळून हवेत उडाले आणि झांजा कडाडल्या. खलास!

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. पहिला नंबर!

"संगीत अंगात भिनलंय हो या माणसाच्या!" परीक्षक गहिवरले.

(भिनलं होतं खरं. संगीत नव्हे.)

बँड वाचला. वादकांनी मास्तरांना खांद्यावर घेऊन मिरवलं. मास्तर तिथेही खाजवत होते.

घरी बायकोने कपाटावरचं मलम खाली काढलं. "घ्या, विजयवीर!"

या खेपेला मास्तरांनी डॉक्टरबाई पुरे म्हणेपर्यंत मलम लावलं. रोज धुतलेले, खडखडीत वाळलेले कपडे घातले. कातडी आरशासारखी लखलखीत!

"बघितलंस? आपण एकदा मनावर घेतलं की..."

दार वाजलं. बाहेर ड्रमवाला. त्याच्यामागे सगळा बँड. प्रत्येकाचा एक हात कमरेवर.

"मास्तर, रागावू नका. सरावाच्या खोलीत तुमचा तो पट्टा टांगलेला होता ना... लकी पट्टा म्हणून आम्ही आळीपाळीने घातला."

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

सवयच ती! मास्तरांचा हात वर गेलेला दिसताच सगळे एका तालात खाजवू लागले!