मोहामावशीचा तक्ता

एका जंगलात, बाळांनो, मोहामावशी नावाची अस्वलीण राहत असे. तिला स्वतःचं पिल्लू नव्हतं. त्यामुळे पिल्लं कशी वाढवावीत हे तिला सगळं ठाऊक होतं.

पाणवठ्याजवळच्या एका खोडावर तिनं नखांनी तक्ता कोरला होता. पिल्लानं पालथं कधी पडावं, बसावं कधी, चालावं कधी, पहिला शब्द कधी बोलावा, सगळं त्यात होतं. माहिती तिनं आयांकडूनच गोळा केली होती. हरिणी आली. तिचं पाडस तासाभरात उभं राहिलं होतं. पोपटीण आली. तिचं पोर पंख फुटायच्या आत तीन वाक्यं बोलत होतं. ज्यांची पिल्लं मागे होती, त्यांना नेमकं त्या दिवशी घरी फार काम निघालं.

मग मोहालाच पिल्लू झालं. ते आईच्या पाठीला चिकटलं ते चिकटलंच, म्हणून त्याचं नाव ठेवलं डिंक्या.

तक्त्यातला चालायचा महिना आला आणि गेला. बोलायचाही गेला. डिंक्या पाठीवर बसून नुसता म्हणायचा, "बबबब."

"त्यात अर्थ आहे," मोहा स्वतःची समजूत घाली. "मला कळत नाही, एवढंच."

ती आता भर उन्हात पाणी प्यायला जाऊ लागली, कारण तेव्हा तिथे कुणी नसे. घरी ती डिंक्याला उभं करी, दोन पावलं मागे सरे आणि हात पसरी. डिंक्या फतकल मारून बसे. मग दोघंही रडत. आधी कोण रडे, ते आपण विचारायचं नाही.

एका दुपारी पाणवठ्यावर पिंगी मुंगशीण भेटली. तिच्या पिल्लाच्या पायांना बांबूच्या काड्या बांधल्या होत्या.

"हे काय गं, पिंगी?"

"तुमच्या तक्त्यात आज उभं राहायचा दिवस आहे ना, मावशी? राहतच नव्हता. म्हणून बांधल्या."

पिल्लाचे पाय सुजले होते. रडून रडून आवाज बसला होता. मोहानं काड्या बांधलेल्या वेली दातांनी तोडल्या आणि त्या इवल्या पायांवर गार चिखल थापला.

संध्याकाळी तिनं सगळ्या आयांना बोलावलं.

"तक्ता मी केला," ती म्हणाली. "पदरी पोर नसताना केला. माझा डिंक्या दहा महिन्यांचा झाला. चालत नाही, एक शब्द बोलत नाही. मी भर उन्हात येते ती तुम्हाला चुकवायला."

मग तिनं खोडावरचा तक्ता खरवडून टाकला.

"आमची तासाभरात उभी राहिली खरी," हरिणी हळूच म्हणाली, "पण अजून पान हललं की माझ्या पोटाखाली शिरते."

"आमचा बोलतो," पोपटीण म्हणाली, "पण मी बोलते तेवढंच. परवा शेजारणीला तोंडावर म्हणाला, 'आली का ही भवानी पुन्हा?'"

हसता हसता सगळ्यांची तोंडं सुटली. आपापल्या पिल्लाची तक्रार सांगायला एकच गलका झाला. मोहासुद्धा पोट धरून हसली. मग तिला पाठ हलकी वाटली.

डिंक्या पाठीवर नव्हता!

वीस पावलांवर वारूळ होतं. त्याच्यापाशी डिंक्या उभा होता. नाकाला माती लागलेली. मधल्या ओल्या जमिनीवर त्याच्या पावलांचे ठसे होते.

"कुणी नेऊन ठेवलं का गं याला?" मोहानं विचारलं.

कुणीच नाही. आणि चालताना त्याला पाहिलंही कुणी नव्हतं.

डिंक्यानं आईकडे पाहिलं आणि वारुळाकडे हात करून म्हणाला, "वावी."

"वाळवी म्हणाला!" पिंगी ओरडली.

"हा शब्द धरत नाहीत," पोपटीण म्हणाली. "ळ कुठाय?"

"पण वय काय लिहायचं?" हरिणीनं विचारलं. "दहा महिने, की दहा महिने चार दिवस?" ती दुसरं गुळगुळीत खोड शोधू लागलीसुद्धा.

मोहाला दिवस तोंडपाठ होते. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण ती लेकाशेजारी जाऊन बसली आणि तिनंही वारुळात तोंड खुपसलं.

तात्पर्य : बाळानं लवकर चालावं, बोलावं असं वाटत असेल, तर आईबापांनी चार लोक जमवून भरपूर गप्पा माराव्यात आणि बाळाकडे मुळीच लक्ष देऊ नये.